आजोबांची पदकं शोधताय? आधी त्यांचा नंबर शोधा

आमच्या घरी आजोबांची लोखंडी ट्रंक आहे. पलटणीतून येताना आणलेली, मूळची काळी. काकूनं एका लग्नाच्या आधी खिडक्यांबरोबर तिलाही हिरवा ऑइलपेंट मारून घेतला. आजोबांचा सैन्यातला नंबर शोधत मी दीड वर्ष बेळगावात कॅम्पापासून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसपर्यंत चपला झिजवल्या आणि तो नंबर शेवटी त्या हिरव्या रंगाखाली सापडला. झाकण तिरप्या उन्हात धरलं तेव्हा जुन्या आकड्यांच्या कडा उठून दिसल्या.

तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लष्करात माणूस नाही असं गाव सापडणं कठीण. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर त्याची लढाईही गेली, अशीच बहुतेक घरांची अवस्था आहे. हा लेख मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या, त्यातही शत्रूच्या कैदेत पडलेल्या सैनिकांच्या मुला-नातवंडांसाठी आहे. ६५ आणि ७१ वाल्यांचं काम त्या मानानं सोपं आहे. त्यांच्यासाठी जिथं वेगळं आहे तिथं सांगतो.

१. नेमकं काय मागायचं ते ठरवा

पहिल्या दिवशी मी खिडकीवर जाऊन "आजोबांचं पदक पाहिजे" एवढंच म्हणालो. समोरच्यानं विचारलं, "कुठलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पदकं दोन जातींची असतात. एक शौर्याचं. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो या जातीचा. स्वातंत्र्यानंतर त्या जागी परमवीर, महावीर आणि वीर चक्र आलं. जाहीर झाली २६ जानेवारी १९५० ला, पण लागू १५ ऑगस्ट १९४७ पासून. असं काही घरात असतं तर गावाला माहीत असतंच. तरी खात्री करायची तर ब्रिटिश काळासाठी लंडन गॅझेट इंटरनेटवर फुकट शोधता येतं आणि नंतरच्या काळासाठी संरक्षण मंत्रालयाचं शौर्य पुरस्कारांचं संकेतस्थळ आहे.

दुसरं मोहिमेचं पदक. ठरलेल्या काळात ठरलेल्या रणक्षेत्रावर हजर होता, एवढ्यावर ते मिळतं. तुमच्या-माझ्या आजोबांचं बहुधा हेच. दुसऱ्या महायुद्धात १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार, वॉर मेडल ही नेहमी भेटणारी नावं. १९६५ ला समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ ला पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल.

युद्धकैद्यांसाठी म्हणून वेगळं पदक आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे, त्याची चित्रं व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि लोक ती घेऊन ऑफिसात जातात. तुम्ही जाऊ नका. आणि मोहिमेच्या पदकावर पैसा मिळत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सुरुवातीलाच सांगून टाका. आमच्याकडे हे उशिरा सांगितलं गेलं आणि दोन चुलतभाऊ तेवढ्यावरून वर्षभर बोलत नव्हते.

२. घर उपसा

ऑफिसात जायच्या आधी एक रविवार घरात घालवा. हे शोधा:

- डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा पुस्तक, पेन्शनचा जुना कागद
- मनीऑर्डरच्या पावत्या (फौजेतून घरी पैसे यायचे, त्यावर नंबर असायचा)
- पत्रं आणि पोस्टकार्डं, कितीही फाटकी असली तरी
- गणवेशातला फोटो. फोटोच्या पाठीमागेही बघा
- ट्रंक, होल्डॉल, मग, ताटली. फौजी माणूस आपल्या वस्तूवर नंबर घातल्याशिवाय राहत नाही
- पदक किंवा नुसती रिबिन

रिबिन मिळाली तरी अर्धं काम होतं. गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन सारखे उभे पट्टे म्हणजे १९३९-४५ स्टार. वाळूच्या रंगावर मधोमध लाल आणि बाजूंना दोन निळे पट्टे म्हणजे आफ्रिका स्टार. पहिल्या महायुद्धाचं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा, स्टार असेल तर पाठ. त्यावर नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

गावातली चावडी किंवा देऊळही सोडू नका. १९१४-१९ च्या लढाईला या गावातून इतके गेले, इतके पडले, अशी संगमरवरी पाटी दख्खनच्या अनेक गावांत बसवलेली आहे. काही ठिकाणी तिच्यावर चुना फासलेला असतो.

३. नंबर, पलटण आणि नाव वाचायला शिका

सगळ्यात जास्त माणसं इथं अडकतात.

नंबर हा राजा आहे. एकाच रेजिमेंटमध्ये एका नावाचे दहा मारुती पाटील असतील, पण नंबर एकाचाच. नंबर नसेल तर रेकॉर्डवाला तुम्हाला मदत करायची इच्छा असूनही करू शकत नाही. हे कळायला मला फार वेळ लागला. तोवर मी त्यांच्यावरच चिडत होतो.

पलटण. आमच्या आजोबांच्या कागदावर "२/५" लिहिलं होतं. मी ते पावकी-निमकीसारखं काहीतरी समजत होतो. त्याचा अर्थ पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन. त्या काळी सगळी रेजिमेंटच 'पाचवी' होती, त्यामुळे तिरक्या रेघेनंतरचा पाच सगळ्यांना सारखा, खरी ओळख रेघेच्या आधीच्या आकड्यात. ही दुसरी म्हणजे आपली 'काळी पाचवीन', आणि पहिली ती 'जंगी पलटण'. पहिल्या महायुद्धातले आकडे अजून वेगळे: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्यांच्या बटालियनी १९२२ च्या फेररचनेत पाचव्या रेजिमेंटखाली आल्या. ११० वी झाली ३/५, आणि तीच पुढे छत्रीधारी फौजेत जाऊन २ पॅरा झाली. म्हणजे आजोबा ३/५ मध्ये असतील तर त्यांच्या पलटणीचा वारसा आज मराठ्यांकडे नाही, पॅराशूट रेजिमेंटकडे आहे.

नाव. इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचंच आडनाव इंग्रजीत शेवटच्या अक्षराच्या दोन-तीन तऱ्हांनी सापडतं, तिथं तुमच्या आजोबांची काय कथा. आडनाव नसून नुसतं वडिलांचं नाव लागलेलं असू शकतं. शोधताना आडनाव, वडिलांचं नाव आणि गावाचं नाव असं तिन्ही उलटसुलट करून बघा.

जिल्हा. जुन्या नोंदीत 'बेळगाम, मुंबई इलाखा' असं सापडेल. जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बेळगावी झालं. चंदगडवाल्यांनी विशेष लक्ष द्या. तुमचा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून आजोबांची नोंद कोल्हापूरखाली शोधून उपयोग नाही. उलट कागल-गडहिंग्लजकडचा माणूस कोल्हापूर संस्थानाखाली लागलेला असेल.

४. योग्य दारात जा

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासून आहे. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येकाला वाटतं की सैन्यातला माणूस म्हणजे तिथलाच. तसं नसतं. रेकॉर्ड ऑफिस माणसाच्या गावावर ठरत नाही, त्याच्या रेजिमेंटवर किंवा कोअरवर ठरतं.

मराठा लाइट इन्फंट्री: बेळगाव. बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनिअर): खडकी, पुणे. तोफखाना: नाशिक रोड. महार रेजिमेंट: सागर, मध्य प्रदेश. सिग्नल्स: जबलपूर. ईएमई (यंत्रदुरुस्तीची कोअर): सिकंदराबाद. एएससीतला (रसद-वाहतुकीच्या कोअरमधला) दक्षिणेकडचा माणूस आणि पायोनियर (बांधकाम-मजुरीची कोअर): बेंगळुरू.

बेळगावच्या सेंटरला जाणार असाल तर मूळ ओळखपत्र घ्या, सकाळी जा आणि गेटवरच्या जवानाला काम एका वाक्यात सांगा. मोबाइल बाहेर ठेवायची तयारी ठेवा. मी पहिल्यांदा गेलो ते नेमकं ४ फेब्रुवारीला. तो तानाजींनी कोंढाणा घेतल्याचा दिवस, म्हणजे रेजिमेंटचा मराठा दिन. त्या दिवशी काम होत नाही.

दुसरं दार सैनिक कल्याण आणि पुनर्वसन खात्याचं, म्हणजे लोकांच्या तोंडी 'सैनिक बोर्ड'. पदकाची नोंद त्यांच्याकडे नसते, पण अर्जाला त्यांचं पुढे पाठवण्याचं पत्र जोडलं की रेकॉर्ड ऑफिस तो गंभीरपणे घेतं. आजी हयात असेल आणि तिला पेन्शन नसेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांसाठीच्या मदतीची चौकशीही इथंच करा. सीमाभागातली गोम अशी: ही मदत राज्य देतं, आणि आजी राहते मुलीकडे चंदगडला, रेशनकार्ड मात्र बेळगाव तालुक्यातलं. दोन्हीकडे अर्ज टाकून बघू म्हणाल तर दोन्हीकडून परत येईल. रहिवास कुठला ते एकदाच ठरवा.

५. कागदपत्रं, आणि कानडीची भानगड

लागणारे कागद:

- सैनिकाचा मृत्यू दाखला
- अर्जदाराचं आधार आणि रहिवास
- वंशावळ. आपल्याकडे कर्नाटकात नाडकचेरीतून (तहसीलदाराच्या हाताखालचं स्थानिक ऑफिस) मिळते, 'वंशवृक्ष' म्हणून मागा
- हयात वारसांचा दाखला, तोही नाडकचेरीतून
- बाकीच्या वारसांची ना हरकत, एकाच अर्जदाराच्या नावे
- सेवेचा जो कागद सापडला असेल त्याची प्रत
- पदक होतं आणि हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद

आता अडचण. मृत्यू दाखला कानडीत, शाळेचा दाखला मराठीत, फौजेचा कागद इंग्रजीत, आणि तिन्हीकडे आजोबा वेगळे. आमच्याकडे एका कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं होतं. दुसऱ्यावर आडनावच नाही. तिसऱ्यावर गावाचं नाव आडनावाच्या जागी. रेकॉर्ड ऑफिसला कानडी वाचता येत नाही, आणि येण्याची अपेक्षाही ठेवू नका. दोन गोष्टी करा. कानडी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून घ्या. आणि 'या सगळ्या नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्पवर करा. त्यात प्रत्येक कागदावर नाव जसं आहे तसं, चुकीसकट, लिहायचं. कोर्ट आवारातला टायपिस्ट चुका 'सुधारून' देतो. त्याला हात लावू देऊ नका. आमचं पहिलं प्रतिज्ञापत्र याच कारणानं वाया गेलं. त्यानं सगळीकडे एकच शुद्ध नाव टाईप केलं होतं आणि मग ते प्रतिज्ञापत्र नेमकं काय सिद्ध करतंय, हाच प्रश्न उरला.

नाडकचेरीत वंशावळ काढताना आत्यांची नावं गाळायचा मोह होतो. जमिनीच्या भीतीनं गाळतात. गाळू नका. पुढे आत्याची एक हरकत आली की सगळा अर्ज थांबतो. पदकाचा आणि सातबाऱ्याचा काही संबंध नाही, हे तिलाही समजावून सांगा आणि तिची सही घ्या. आमच्या आत्यानं सही करता करता जे सांगितलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याबद्दल सातव्या टप्प्यात.

६. अर्ज

अर्ज एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत. वर नंबर, हुद्दा, नाव, बटालियन, भरतीचं आणि सुटकेचं वर्ष (अंदाजे असेल तर अंदाजे लिहा), गाव, तालुका, जिल्हा जुन्या नावानिशी. खाली दोनच मागण्या: सेवेचा तपशील आणि कोणकोणत्या पदकांना पात्र होते त्याची लेखी नोंद. "पदक द्यावे" ही मागणी पहिल्या पत्रात घालू नका. आधी पात्रता कागदावर येऊ दे.

स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. तीन महिन्यांत हूं का चूं नाही झालं तर स्मरणपत्र. मग माहितीचा अधिकार: शुल्क १० रुपये, अर्ज केंद्राच्या पोर्टलवरून करता येतो, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नातं सिद्ध करणारा कागद त्याच अर्जाला जोडा, नाहीतर 'त्रयस्थाची माहिती' म्हणून नाकारतात.

उत्तर 'कागद नष्ट केले आहेत' असं येऊ शकतं. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे कागद मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत आहे, त्यात कुणाचा डाव नसतो. तेव्हा लाँग रोल मागा. तो रेजिमेंटचा मोठा रजिस्टर, त्यात माणसामागे एक ओळ असते. आमच्या आजोबांची तेवढीच ओळ उरली होती, आणि तीही नंबर दिल्यावर सापडली.

एजंटांबद्दल. कुणी "दिल्लीत ओळख आहे, पदक काढून देतो" म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. जुन्या बाजारात मिळणारं पदक घरच्या फ्रेममध्ये लावायला चालेल, पण ते आजोबांचं नव्हे. ब्रिटिश काळातलं मूळ पदक हाती पडेलच असं धरून चालू नका. लेखी पात्रता मिळाली की प्रतिकृती करून घेणाऱ्यांत मला काही कमी वाटत नाही, फक्त ती प्रतिकृती आहे हे मागे लिहून ठेवा.

७. आजोबा कैदेत होते?

आमच्याकडे हा विषय निघायचा नाही. आजोबा 'लढाईत हरवले होते, मग आले' एवढंच. सहीच्या दिवशी आत्या म्हणाली, "हरवले कसले, इटलीत धरून ठेवले होते. तिकडं डाळीचं पार्सल यायचं म्हणून सांगायचे." आणि मग खालच्या आवाजात, "लोक म्हणायचे हात वर करून आला."

त्या लोकांना उत्तर द्यायला इतिहास पुरेसा आहे. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा ११ व्या भारतीय ब्रिगेडबरोबर २/५ मराठाही जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागली. वर्षभर आधी एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढलेली हीच बटालियन. त्याच्या आधीच्या पिढीत, पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारात तेच घडलं. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि आत १०३, ११० व ११७ अशा तीन मराठा पलटणी. उपासमारीनं सेनापतीनं शरणागती दिली, ती शिपायानं दिली नव्हती.

कैदेत गेला म्हणून आधी कमावलेलं पदक जात नाही. आफ्रिका स्टारसाठी रणक्षेत्रावर एक दिवसाची हजेरी पुरे होती, वॉर मेडलसाठी २८ दिवसांची नोकरी. तोब्रुकला पकडलेल्या माणसाची दोन्ही केव्हाच झालेली होती.

कैदेचा पुरावा कुठं मिळतो?

घरातलं पोस्टकार्ड. युद्धकैद्याच्या कार्डावर छावणीचा क्रमांक असतो. 'पी.जी. ९१' म्हणजे इटलीतलं आव्हेत्सानो, तिथं भारतीय कैदी ठेवले होते. 'स्टालाग' असेल तर जर्मनांची छावणी. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं हत्यार टाकल्यावर अनेकांना जर्मनांनी उचलून नेलं, त्यामुळे एकाच माणसाची दोन देशांतली कार्डं सापडली तर गोंधळू नका. आत्याची डाळही खरी होती. लंडनचा इंडियन कम्फर्ट्स फंड भारतीय कैद्यांसाठी डाळ-आट्याची पार्सलं पाठवत असे.

जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं त्यांनी इंटरनेटवर खुली केली आहेत. दुसऱ्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो फॉर्म वर्षातून ठराविक वेळाच उघडतो. कोटा भरला की बंद. तारीख बघून बसा, एसएससीच्या निकालासारखं.

ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. जर्मनांनी केलेली कैद्यांची कार्डं 'डब्ल्यूओ ४१६' या मालिकेत, जपान्यांची 'डब्ल्यूओ ३४५' मध्ये. शिपायाचं सेवापुस्तक मात्र तिथं शोधू नका, ते भारतातच राहिलं.

एक नाजूक वळण राहिलं. कैदेतून काहीजण नेताजींच्या आझाद हिंद फौजेत किंवा जर्मनीतल्या सैन्यदलात गेले. तसं असेल तर फौजेच्या कागदावर बडतर्फी दिसेल आणि पदकांचा रस्ता तिथं संपतो. पण दुसरा उघडतो: आझाद हिंद सैनिक स्वातंत्र्यसैनिक सन्मान योजनेत धरले जातात, आणि ते काम गृह मंत्रालयाचं. त्यांचे बरेच कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, 'अभिलेख पटल' या पोर्टलवर शोधता येतात. एकाच अर्जात दोन्ही मागू नका.

८. जे परत आलेच नाहीत

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. नशीब असेल तर वडिलांचं नाव आणि 'बेळगाम' दोन्ही दिसेल, आणि प्रमाणपत्रही छापून घेता येतं. पहिल्या महायुद्धाच्या, इराकमधल्या बसरा स्मारकाच्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा नुसता आकडा लिहिला, म्हणून भिंतीच्या फोटोत नाव नाही म्हणजे नोंद नाही असं समजू नका. १९४७ नंतरचे हुतात्मे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथं नाव चुकलं असेल तर दुरुस्तीची मागणी रेकॉर्ड ऑफिसमार्फतच करा.

९. हातात आल्यावर

ब्रासो लावू नका. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवरचं नाव दरवर्षी दसऱ्याला घासून घासून गेलेलं मी दोन घरांत पाहिलं आहे. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, बस्स.

२६ जानेवारीला गावात लावून जायचं असेल तर वारसानं पदक छातीच्या उजव्या बाजूला लावायचं. डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची.

पात्रतेच्या पत्राच्या रंगीत प्रती सगळ्या चुलतभावांना आणि आत्यांना द्या, मूळ एकाच्या घरी ठेवा आणि कुणाच्या ते लिहून ठेवा. आणि ट्रंक रंगवायची असेल तर आधी झाकणाचा आतून-बाहेरून फोटो काढा.